पॉटरीचा डेमो बघताना नजर कुठे ठेवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वर्षभर चाकावर शिकताय, आता एका मोठ्या सिरॅमिक मेळ्याला जाणार आहात, तिथे दिवसभर वेगवेगळ्या पॉटर्सचे डेमो आणि गप्पांची सेशन्स असणार. मागच्या वेळी बघताना सगळं कळल्यासारखं वाटलं आणि घरी चाकावर बसल्यावर त्यातलं काहीच हातात उतरलं नाही. तर या वेळी बघायचं काय आणि विचारायचं काय. मी बरीच वर्षं हेच काम करते, डेमो द्यायला पण बसते आणि गर्दीत उभी राहून बघते पण, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते. उत्तर लांबणार आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाका. डेमो हा दाखवण्यासाठी बसवलेला असतो. म्हणजे कोणी फसवत नसतं, पण गोळे आधीच मळून, वजन करून प्लास्टिकखाली झाकून ठेवलेले असतात, माती बहुतेक वेळा रोजच्यापेक्षा जरा मऊच घेतलेली असते कारण मऊ माती पटकन वर येते आणि बोलता बोलता दम लागत नाही, आणि आकार असा निवडलेला असतो जो त्या माणसाच्या हातातून झोपेतही निघेल. चारशे लोक बघत असताना नवीन आकार करून बघायला कोणी जात नाही. त्यामुळे तुम्हाला दिसतात ती सगळ्या कामातली सगळ्यात गुळगुळीत पाच-सात मिनिटं. त्या भांड्याचं सुकणं, ट्रिमिंग (बूड तासणं), हँडल, बिस्क (पहिली भाजणी), ग्लेझ (काचेसारखा लेप), परत भट्टी हे सगळं पुढे दोन-चार आठवडे चालणार असतं आणि नुकसान होतं ते तिथे.

म्हणून आकार बघत बसलात तर हाती काही लागत नाही. निर्णय बघा. हात कुठे थांबला, चाकाचा वेग कधी कमी झाला, पाणी कधी घेतलं आणि कधी मुद्दाम नाही घेतलं, काय करायला निघाला होता आणि मग सोडून दिलं. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

याचं मला आवडणारं उदाहरण 1952 चं आहे. जपानी पॉटर शोजी हमादा, ब्रिटिश पॉटर बर्नार्ड लीच आणि जपानी लोककलेचे विचारवंत सोएत्सु यानागी हे तिघं त्या वर्षी अमेरिकाभर व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं देत फिरत होते, आणि मॉन्टाना राज्यात हेलेनाला आर्ची ब्रे फाउंडेशन या सिरॅमिकच्या केंद्रातही गेले. तिथे पीटर व्हुलकस आणि रूडी ऑटिओ हे दोघं तरुण काम करत होते, त्यांनी हमादांना काम करताना जवळून पाहिलं. व्हुलकस तेव्हा अगदी सफाईदार, बक्षिसं मिळवणारी वापरायची भांडी करायचा. नंतर काही वर्षांत त्याने जे केलं ते फाडलेलं, एकावर एक रचलेलं, माणसाएवढं उंच, भोकं पाडलेलं काम. हमादांच्या भांड्यांसारखं त्यात काहीही दिसत नाही. आता त्याच्यावर इतरही बरेच प्रभाव होते, सगळं श्रेय एका डेमोला द्यायला नको, पण इतक्या मोठ्या माणसाला समोर बसून बघितल्यावर त्याने त्याचा आकार उचलला नाही ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. हमादांचा हात मातीशी भांडत नाही, जे झालं ते होऊ देतो. घेण्यासारखं असेल तर ते हे.

आता प्रत्यक्ष उभं कुठे राहायचं ते. सगळे समोर गर्दी करतात आणि समोरून सगळ्यात कमी दिसतं, कारण काम भांड्याच्या एका बाजूला चाललेलं असतं आणि तुम्हाला दिसतात फक्त कोपरं. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांचं चाक बहुधा घड्याळाच्या उलट फिरतं, त्यांचे हात भांड्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताशी काम करतात. जपानी पद्धतीत चाक बहुधा घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि काम डावीकडे चालतं. त्यामुळे सुरुवातीला अर्धा मिनिट चाक कुठल्या दिशेने फिरतंय ते बघा आणि त्या बाजूला सरका, जमलं तर पॉटरच्या खांद्याच्या जरा मागे, म्हणजे तुम्हाला जवळजवळ त्याच्याच डोळ्यांनी दिसतं. आणि तुमचं चाक उलटं फिरत असेल तर घरी गेल्यावर सगळं आरशासारखं उलटं करून घ्यावं लागेल हे तिथेच लक्षात ठेवा. अर्ध्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. चाकावर वर आरसा टांगलेला असेल तर उत्तम, भांड्याच्या आतला हात फक्त तिथेच दिसतो.

सुरू व्हायच्या आधी जाऊन विचारा, तुमची माती हातात घेऊन बघू का. कोणीही नाही म्हणत नाही, उलट खूश होतात. अंगठा दाबून बघा किती आत जातो, थोडी बोटांत चोळून बघा वाळू किंवा ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भुगा) किती आहे, एक छोटी वळी करून वाकवा, तडे जातात का. वर्षभर शिकलेल्या माणसाचे निम्मे प्रॉब्लेम मातीच्या मऊपणाचे असतात आणि तो समजतो आपला हात वाईट आहे. तीच माती थोडी जास्त कडक असली तर सेंटरिंगला, म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणायला, दुप्पट जोर लागतो. हे व्हिडिओत कधीच कळत नाही, मेळ्याला जायचं सगळ्यात मोठं कारण मला तर हेच वाटतं.

चाकावर काम सुरू झालं की पहिल्यांदा गोळ्याकडे नाही, पॉटरच्या अंगाकडे बघा. कोपर मांडीवर नाहीतर पोटाशी टेकवलेलं असतं, पाठ पुढे झुकलेली असते, आणि जोर येतो तो दंडातून नाही, अख्ख्या धडाच्या वजनातून. हात हलतच नाही, मातीला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. मग हात काढताना बघा. शिकाऊ माणूस सेंटर झालं की आनंदाने पटकन हात उचलतो आणि तिथेच गोळा परत हलतो, अनुभवी माणूस दाब हळूहळू सोडत, एक-दोन फेऱ्या होऊ देत हात बाजूला घेतो. प्रत्येक पुलच्या, म्हणजे भिंत बोटांनी वर ओढण्याच्या, शेवटी, तोंडापाशी, हेच परत दिसेल. हात लावताना हळू, काढताना त्याहून हळू. एवढी एकच गोष्ट बघून आलात तरी तिकीट वसूल.

वेग. इलेक्ट्रिक चाकाचा कमाल वेग बहुधा मिनिटाला 240-250 फेऱ्यांच्या आसपास असतो, सेंटरिंगला त्यातला बराच वापरला जातो, आणि मग भिंत वर जाते तसा वेग उतरत जातो, रुंद वाडग्याच्या शेवटच्या टप्प्यात तर चाक जेमतेम फिरत असतं. पायाकडे बघत राहा, तोंडाने पॉटर काहीही सांगत असला तरी पाय खरं सांगतो. हाताचा वर चढण्याचा वेग आणि चाकाचा वेग यांचं गणित असतं, चाक हळू आणि हात घाईत असला की भिंतीवर जाड-पातळ असा मळसूत्री पट्टा राहतो आणि भांडं पिळवटतं.

पाण्याबद्दल तर मी भांडायला तयार आहे. पाणी घर्षण कमी करायला लागतं, पण माती ते पिते आणि मऊ पडते, म्हणजे जितका वेळ चाकावर तितकी भिंत कमजोर. चांगले लोक दोन-तीन पुलांत उरकतात आणि बऱ्याचदा साध्या पाण्याऐवजी हाताला लागलेला राबडाच, म्हणजे पातळ चिखल, वापरतात. ते किती वेळा बादलीत हात घालतात ते बघा आणि तुमच्याशी ताडून बघा. आणि बुडाशी साठलेलं पाणी स्पंजने टिपतात का ते, आणि बूड मधून बाहेर आणि परत बाहेरून मध्ये असं बोटांनी नाहीतर रिबने (छोट्या सपाट पट्टीने) दाबतात का तेही. प्रेक्षकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, त्या वेळी लोक फोन काढतात, पण बुडाला जाणारा तो एस आकाराचा तडा बऱ्याचदा इथलाच असतो, नीट न दाबलेलं बूड आणि मग कडा आधी सुकून मध्य मागे राहणं. एका मोठ्या ढिगाऱ्यावरून एकामागे एक छोटी भांडी काढतात ना, त्यात हा तडा जास्त दिसतो, कारण खाली चाकाची कडक फळी नसते आणि बूड दाबलं जात नाही.

डेमोच्या शेवटी भांडं तारेने उभं कापून दाखवा अशी विनंती नक्की करा. बरेच जण स्वतःहूनच कापतात. कापलेल्या भांड्यात सगळं उघडं पडतं, खाली कोपऱ्यात माती उरलीये का, भिंत वर जाताना सारखी पातळ होतेय का, तोंड मुद्दाम जाडसर ठेवलंय का. लोक हळहळतात पण कापणाऱ्याला त्या भांड्याचं काही नसतं. तेव्हाच आकसण्याचं पण विचारून घ्या. स्टोनवेअरची (खूप तापवून दगडासारखी घट्ट होणारी) माती ओल्यापासून पक्कं भाजेपर्यंत लांबीत साधारण 12 टक्के कमी होते, पोर्सेलिन त्याहून जास्त. 12 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते तिन्ही दिशांनी होतं, म्हणून ओला असताना बरोबर एक लिटर मावणारा जग भट्टीतून आला की साधारण 680 मिली उरतो. म्हणून डेमोत कप बघून लोक म्हणतात केवढा मोठा केला, तो मोठा नाही, तो नंतरचा हिशोब आहे.

चाकाच्या मागे लागून हाताने घडवणाऱ्यांचे डेमो सोडू नका, तिथे गर्दी कमी असते आणि शिकायला जास्त. नायजेरियाच्या लादी क्वाली यांचं उदाहरण घ्या, ब्रिटिश पॉटर मायकेल कार्ड्यूंच्या अबुजाच्या केंद्रात काम करायच्या, ब्रिटन-अमेरिकेत जाऊन त्यांनी डेमो दिले, आज नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला त्यांचं चित्र आहे. त्यांच्या पद्धतीत भांडं जागेवर राहतं आणि बाई भांड्याभोवती फिरते, वळ्या लावत, आतून भिंत ताणत. न्यू मेक्सिकोतल्या सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ तर 1904 मध्येच सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात नवऱ्यासोबत लोकांसमोर भांडी करत होत्या, म्हणजे मेळ्यात बसून काम दाखवणं हे काही आजचं फॅड नाही. त्यांचं ते काळ्यावर काळं काम नंतरचं, 1918-19 च्या सुमाराचं. त्यात चकाकी ग्लेझची नाही, गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घासल्याची आहे, आणि काळेपणा येतो आग शेणाच्या भुग्याने कोंडून. हाताच्या कामात वाट बघणं दिसतं हे मला महत्त्वाचं वाटतं. खालचा थर जरा कडक झाल्याशिवाय वरचा लावायचा नाही, आणि तो कडक झाला हे पॉटर कसं ओळखतो, बोटाच्या मागच्या बाजूने, रंगावरून की ठोकून आवाजावरून, ते विचारा. हँडल लावतानाही तेच, कपाचा आणि हँडलचा ओलेपणा सारखा पाहिजे, खरवडून स्लिप (पातळ कालवलेली माती) लावणं हे सगळे सांगतात पण ओलेपणाचं थोडेच.

राकूच्या, म्हणजे भांडं भट्टीतून तापलेलंच बाहेर काढायच्या पद्धतीच्या, डेमोला गर्दी होणारच, कारण तासाभरात निकाल, वर आग आणि धूर. बघा जरूर, पण दोन गोष्टी डोक्यात ठेवून. एक, लालभडक भांडं चिमट्याने काढून भुसा नाहीतर कागद भरलेल्या डब्यात टाकून झाकणं ही पद्धत जपानी नाही, ती अमेरिकेत पॉल सोल्डनरने 1960 मध्ये सुरू केली. मूळचं राकू 16 व्या शतकातल्या क्योतोतलं, चोजिरोने चहाच्या समारंभासाठी केलेले वाडगे. ते पण भट्टीतून तापलेलेच काढतात पण भुश्यात कोंडत नाहीत. दोन, हे भांडं सच्छिद्र राहतं, त्यात पाणी झिरपतं, ग्लेझला बारीक चिरा असतात, त्यामुळे खाण्यापिण्याला वापरू नका, आणि तांब्याचे ते इंद्रधनुषी रंग हवेने हळूहळू फिके होतात हे स्टॉलवर सगळेच सांगतात असं नाही. बघायचं म्हणजे वेळ बघा. भट्टीचं दार उघडल्यापासून डबा झाकेपर्यंत किती सेकंद, कोण काय धरतंय, मधे कोणी कोणाला ओलांडतं का. चांगली टीम असेल तर एक शब्द न बोलता होतं. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, तो धूर नुसता डोळ्यांना झोंबत नाही, त्यात कार्बन मोनॉक्साइड पण असतो.

गप्पांच्या सेशन्सकडे येते. मला विचाराल तर खरा माल इथे आहे, पण स्टेजवर असताना कमी आणि दोन पॉटर आपसात बोलायला लागले की जास्त. कोणी एकटाच स्वतःच्या प्रेरणांवर स्लाइड दाखवत असेल तर मी सरळ उठून चहा घ्यायला जाते. दोघं भट्टीवरून वाद घालत असतील तर तिथून हलत नाही.

विचारायचं काय. ग्लेझची रेसिपी मागू नका. देतील, आजकाल बहुतेक जण देतात, पण तिचा उपयोग फारसा नाही. तांबं घ्या, ऑक्सिडेशनमध्ये (भट्टीत हवा भरपूर असताना) हिरवं आणि रिडक्शनमध्ये (हवा कमी ठेवून भाजताना), अगदी एक टक्क्याच्या आत घातलं तरी, लाल. लोखंडाचा ऑक्साइड रिडक्शनमध्ये एक-दोन टक्के असला तर सेलाडॉन या ग्लेझचा निळसर हिरवा, आठ-दहा टक्के झाला की तेनमोकू या ग्लेझचा काळा-तपकिरी. म्हणजे कागद जवळजवळ तोच आणि निकाल वेगळा. त्याऐवजी विचारा की ग्लेझ किती जाड लावता, बुडवून किती मोजता, आतली माती कुठली, आणि मुख्य म्हणजे भट्टी थंड कशी करता. हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सगळे किती तापवता यावर अडतात, पण मॅट ग्लेझचा मऊपणा, स्फटिक, लोखंडी ग्लेझमधला लालसरपणा हे बऱ्याचदा उतरत्या तापमानात घडतं. कोणी कोन सहा, कोन दहा असं बोललं (कोन म्हणजे भट्टीत ठेवलेला, ठरावीक तापाला वाकणारा छोटा सुळका) तर त्याचा अर्थ नुसतं तापमान नाही, उष्णता आणि वेळ मिळून झालेलं काम. ऑर्टनचा कोन सहा ताशी 60 अंशाने तापवला तर साधारण 1222 सेल्सिअसला वाकतो, ताशी 150 ने तापवला तर 1243 ला. म्हणून मी 1230 ला भाजतो असं कोणी म्हणालं तर पुढचा प्रश्न, किती वेगाने.

दुसरा चांगला प्रश्न, तुमचं नुकसान कुठे होतं. किती टक्के असं नका विचारू, आकडा कोणी खरा सांगत नाही, कुठल्या टप्प्यावर ते विचारा. माणूस एकदम मोकळा होतो. झाकणं बसत नाहीत, ताटं वाकतात, मोठी भांडी थंड होताना तडकतात. मग 573 अंशांचा विषय निघेल, तिथे मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते, चढताना एकदम फुगतं आणि उतरताना आकसतं, आणि ताटाचा मध्य आणि कडा वेगवेगळ्या तापमानाला असतील तर त्यातून आरपार तडा जातो. घाईने भट्टी उघडणाऱ्यांना हा तडा ओळखीचा.

आणि एक गैरसमज तिथे हमखास ऐकाल, की मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं भट्टीत फुटलं. फुटतं ते पाण्याने. भिंत आतून ओली असताना तापमान शंभरच्या वर नेलं की वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. पूर्ण कोरडं भांडं बुडबुड्यासकट नीट भाजून निघतं, बुडबुडा त्रास देतो तो चाकावर, बोटाखाली आल्यावर. जाड कामं करणाऱ्यांना विचारा, ते ऐंशी-नव्वद अंशांवर भट्टी तासन्‌तास धरून ठेवतात. मळणं तरीही गरजेचंच आहे, पण मुख्यतः सगळी माती सारखी मऊ करायला.

अजून एक, थोडं बाजूचं. काम झाल्यावर पॉटर टेबल कसं साफ करतो ते बघा. ओल्या स्पंजने पुसत असेल तर त्याच्या बाकीच्या सांगण्यावर पण मी जरा जास्त विश्वास ठेवते. सुका झाडू मारणं म्हणजे सिलिकाची धूळ उडवणं, आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही.

फोनचं म्हणाल तर व्हिडिओ काढा, पण सगळा नको. मी एक पुल पूर्ण काढते, तळापासून तोंडापर्यंत, बाजूने, आणि मग फोन खिशात. पडद्यातून बघताना चाकाचा आवाज आणि मोटरवर आलेला ताण कळत नाही, आणि हात किती जोरात दाबतोय हे त्या आवाजावरूनच कळतं. दिवसाला दहा डेमो अर्धे अर्धे बघण्यापेक्षा दोनच बघा, माती मळण्यापासून तारेने सोडवेपर्यंत. एकाच पॉटरचा सकाळचा आणि दुपारचा असे दोन्ही बघायला मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण दुपारी तो दमलेला असतो, बोलणं कमी होतं, आणि सवयीचं काय नि दाखवण्यासाठीचं काय ते वेगळं दिसायला लागतं.

घरी आल्यावर त्यांचा आकार करायला बसू नका. बघितलेल्यातली एकच गोष्ट घ्या, समजा हात हळू काढणं. माती त्यांच्याइतकी मऊ करून घ्या, एकाच वजनाचे गोळे करा, साधे उभे सिलिंडर काढा आणि प्रत्येक सिलिंडर तारेने कापून बघा. एकही ठेवायचा नाही, चांगला आला तरी. ठेवायचा ठरवला की तुम्ही तो वाचवायला लागता, शेवटचा पुल घेत नाही, आणि ज्या जागी शिकायचं तिथेच थांबता. आठवडाभर एवढंच करा, मग पाण्याचं घ्या, मग बुडाचं. कापलेली माती परत मळून त्याच दिवशी वापरू नका, ती पाणी पिऊन मऊ झालेली असते, प्लास्टरवर पसरून ठेवा.